मागच्या डिफरन्शियलचा आवाज दुरुस्तीनंतरही परत येतो तेव्हा

बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सफारी, इनोव्हा क्रिस्टा, इको अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांकडून ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात एक तक्रार वारंवार ऐकू येते. चाळीस-पन्नासच्या पुढे वेग गेला की मागून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, गॅरेजवाला डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचे, क्राऊन-पिनियन (आतली मोठी आणि लहान मुख्य दातेरी चाके) गेल्याचे सांगतो, ते बदलले जाते, भरपूर पैसे जातात, आणि काही महिन्यांनी, बहुधा पावसाळा सरता सरता, तोच आवाज पुन्हा सुरू होतो. माझ्या मते अशा प्रकरणांत दोनच गोष्टी घडलेल्या असतात. एक तर आवाज मुळात डिफरन्शियलचा नसतोच. किंवा असतो, पण दाते आणि बेअरिंग ज्या कारणाने खराब झाले ते कारण तसेच राहते, किंवा दुरुस्तीतच नवे कारण शिरते, आणि नवे सामानही त्याच वाटेने जाते. म्हणून हौसिंग (डिफरन्शियलचे बाहेरचे कवच) उघडण्याआधी जो वेळ घालवायचा, त्याबद्दलच या लेखात अधिक लिहिले आहे. स्विफ्ट किंवा वॅगनआरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागे डिफरन्शियल नसते. त्यांच्या मालकांनी मागचा आवाज टायर आणि हब बेअरिंग (चाकाच्या मध्यातले बेअरिंग) या दोनच ठिकाणी शोधावा.

पहिला संशय टायरवर घ्यावा, कारण तो तपासायला काहीच खर्च येत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर पाणी निघून जावे म्हणून आडव्या खाचा पाडलेल्या असतात आणि त्या खाचांवरून धडधाकट गाडीचे टायरही सुरात गुणगुणतात. कळंबोलीहून पुण्याच्या द्रुतगती मार्गावर चढल्यावर आवाज आला आणि घोडबंदर रोडच्या डांबरी भागावर तो गेला, तर गाडीत दोष शोधण्याचे कारण नाही. खरा दोष असलेला आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्याने फारसा बदलत नाही. तो वेगाशी आणि ॲक्सिलरेटरशी बांधलेला असतो. त्यानंतर टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून पाहावा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखे लागत असेल, तर टायर असमान झिजला आहे, आणि तो नेमका बेअरिंगसारखी घरघर करतो. चारही टायर एकाच मापाचे असतील तर मागची जोडी पुढे लावून त्याच रस्त्यावर फिरून यावे. आवाज मागून पुढे सरकला तर डिफरन्शियल निर्दोष सुटले.

टायर निर्दोष ठरल्यावर खरी चाचणी रस्त्यावर करायची. त्यासाठी सपाट, सरळ आणि मोकळा रस्ता लागतो; पहाटेच्या वेळी पामबीच मार्ग वेगमर्यादा सांभाळूनही या कामाला पुरतो. सोबत दुसरी व्यक्ती मागच्या आसनावर असावी, कारण चालकाच्या कानाला मागचा आवाज आणि गिअरबॉक्सचा आवाज सहसा वेगळा करता येत नाही. काचा वर, एसी आणि म्युझिक बंद ठेवून गाडी चार अवस्थांतून न्यायची: ॲक्सिलरेटर दाबून वेग वाढवताना, वेग स्थिर धरून, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्येच वेग कमी होऊ देताना, आणि शेवटी क्षणभर न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलच्या वेळी इंजिन मात्र चालूच ठेवावे. ते बंद केले तर स्टेअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकते. उतारावर, विशेषतः गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या उतारावर, हा प्रयोग करूच नये.

न्यूट्रलमध्ये इंजिन मंद झाल्यावरही आवाज तसाच राहिला, तर इंजिन आणि क्लच यांना दोषमुक्त करता येते. जो सूर वेग वाढवतानाच चढतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच नाहीसा होतो, तो बहुतेक वेळा क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांचा असतो, कारण भार आल्यावर दात्यांची एक बाजू आणि भार उलटल्यावर दुसरी बाजू काम करते. फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावर येणारा आवाज पिनियनचा नट किंवा बेअरिंग सैल झाल्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी पिनियन पुढे-मागे सरकते आणि दाते चुकीच्या जागी भिडतात. चारही अवस्थांत एकसारखी राहणारी जाडसर घरघर असेल तर दात्यांपेक्षा बेअरिंगचा विचार आधी करावा. सरळ जाताना काहीच नाही, पण वळताना, विशेषतः पार्किंगमधून आखूड वळण घेताना, मागून कटकट ऐकू येते, तेव्हा आतले छोटे स्पायडर गिअर, त्यांची पिन किंवा वॉशर झिजलेले असतात, कारण सरळ रस्त्यावर ते एकमेकांवर फिरतच नाहीत. मात्र महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत असते तसे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक घसरले की दोन्ही चाके आपोआप एकत्र जोडणारे) गाडीत असेल, तर एक चाक चिखलात घसरल्यावर कमी वेगात येणारा ठणका हा त्याच्या कामाचाच भाग आहे. त्यासाठी हौसिंग खोलू नये.

हब किंवा एक्सलच्या बेअरिंगची गल्लत सर्वांत जास्त होते, आणि इथेच बहुतेक फुकटचे पैसे जातात. आवाज येतो त्या वेगात रस्त्याच्या रुंदीतच गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुकवावी, अर्थात आजूबाजूला वाहन नसतानाच. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळी आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयित ठरते. डिफरन्शियलमधल्या दात्यांच्या आवाजात अशा झुकण्याने असा फरक पडत नाही. इतकी साधी चाचणी न करता थेट हौसिंग उघडणाऱ्याला थांबवण्याचा गाडीमालकाला पूर्ण अधिकार आहे.

काही मेकॅनिक गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलून, गिअर टाकून आवाज ऐकतात. ही पद्धत धोक्याची आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक जमिनीवर अडले की उचललेले चाक स्पीडोमीटरवर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट वेगाने फिरते, आणि लॉक होणारे डिफरन्शियल असेल तर गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाऊ शकते. दोन्ही चाके मजबूत स्टँडवर उचलून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून, इंजिन मंद ठेवून आणि गाडीखाली कोणीही नसताना हे काम करावे. फिरत्या प्रोपेलर शाफ्टजवळ (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) सैल बाहीचा हात न्यायचा नाही. त्यापेक्षा शांत मार्ग म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही हब, हौसिंगचा मधला भाग आणि पिनियनचे नाक (हौसिंगचा पुढे आलेला भाग) यांची उष्णता पाहणे. सगळे गरम असणारच. त्यातले एक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे तापले असेल तर शोध तिथून सुरू करावा. मागे ड्रम ब्रेक असेल तर हबच्या उष्णतेत ब्रेकचाही वाटा असतो, हे मोजताना लक्षात ठेवावे.

थरथर आणि आकडे

थरथर ही आवाजापेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि तिचे निदान थोड्या गणिताने सोपे होते. २१५/७५ आर१५ या मापाच्या टायरचा परीघ साधारण २.२ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात फेरे घेते. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील तर गुणोत्तर ४.१ होते, आणि प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला सुमारे ३१ फेरे घेतो. पिनियनच्या १० दात्यांमुळे दात एकमेकांना भिडण्याची संख्या सेकंदाला ३१० च्या आसपास जाते. या आकड्यांमुळे दोष वेगळे होतात. सेकंदाला सात-आठ धक्के माणसाला एकेक करून जाणवतात आणि आसन डोलते. तो चाकाचा, रिमचा किंवा टायरचा दोष. तिशीतली थरथर पायाखालच्या पत्र्यात आणि आरशात बारीक कंप होऊन दिसते. तो शाफ्टच्या संतुलनाचा दोष. त्याच्या दुप्पट, म्हणजे साठीतली थरथर शाफ्टच्या क्रॉसमधून (शाफ्टला कोनात फिरू देणारा जोड) किंवा त्याच्या चुकलेल्या कोनातून येते, कारण क्रॉस एका फेऱ्यात दोन वेळा वेग कमी-जास्त करतो. तीनशेच्या आसपासचा सूर हा दात्यांचा, आणि तो कानाला ऐकू येतो, अंगाला जाणवत नाही. मोबाइलवरच्या ध्वनी आणि कंप मोजणाऱ्या ॲपमध्ये हे आकडे पाहता येतात. मोबाइल कप-होल्डरमध्ये न ठेवता मागच्या आसनाखालच्या पत्र्यावर पक्का टेकवून ठेवावा आणि वाचन मागे बसलेल्या माणसाने करावे. आपल्या गाडीचे टायर आणि गुणोत्तर वेगळे असणार, तेव्हा हिशोब आपल्या आकड्यांनी नव्याने मांडावा.

त्याच वेगात एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवून पाहणेही उपयोगी पडते. वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे बदलले आणि थरथर मात्र तशीच राहिली, तर ती गिअरबॉक्सच्या पुढे मागच्या चाकांपर्यंत, म्हणजे शाफ्ट, एक्सल किंवा चाकांत आहे.

क्लच प्लेट बदलून आणल्यावर थरथर सुरू झाली, अशी हकीकत कोणी सांगितली की मी डिफरन्शियलकडे पाहतही नाही. क्लचच्या कामासाठी शाफ्ट काढावा लागतो, आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट स्प्लाइनमधून (एकमेकांत बसणाऱ्या दातेरी खाचांच्या जोडातून) सुटा झाला की पुन्हा जोडताना दोन टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत आले पाहिजेत. वागळे इस्टेटमध्ये कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या एका सात आसनी गाडीत नेमके हेच झाले होते. शाफ्टवर कारखान्याने उमटवलेला बाण चिखलाच्या थराखाली गेलेला होता, त्यामुळे जोडणाऱ्याला तो दिसला नाही आणि काटे एक दात सरकून बसले. मालकाला तोपर्यंत डिफरन्शियल बदलण्याचा अंदाजे खर्चही सांगून झाला होता. शाफ्ट खाली घेऊन, घासून बाण काढून, एक दात मागे घेऊन बसवल्यावर तिशी-साठीतला तो कंप गेला. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँज (बोल्टने जोडल्या जाणाऱ्या चकत्या) आणि स्प्लाइनवर रंगाची किंवा छिन्नीची खूण करायला मिनिट लागते, आणि ती खूण केली का, हे मालकाने विचारायला हरकत नाही. शाफ्टच्या नळीवर वेल्ड केलेला संतुलनाचा छोटा पत्रा गळून पडला आहे का, मधल्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. गाडी उभ्यावरून निघताना एकदाच होणारा थरकाप बहुधा या रबराचा असतो. एक्सलला पाट्यांशी (लीफ स्प्रिंगशी) बांधणारे यू-बोल्ट सैल असतील तर भार आल्यावर एक्सल वळतो आणि शाफ्टचा कोन बिघडतो. जास्त सामान लादणाऱ्या गाड्यांत हे नेहमी तपासावे.

गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना येणाऱ्या टक्क आवाजासाठी गाडी सपाट जागी ठोकळे लावून, न्यूट्रलमध्ये ठेवून, शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना फिरवावा आणि हालचाल कुठे वाया जाते ते पाहावे. क्रॉसमध्ये जरासाही खेळ (सैलपणा) चालत नाही. पिनियनच्या फ्लँजला मात्र थोडा खेळ असतोच, कारण त्यात क्राऊन, स्पायडर आणि एक्सलच्या स्प्लाइन या सगळ्यांचा खेळ एकत्र झालेला असतो.

पावसाळा आणि ब्रीदर

आता आवाज पुन्हा का येतो, त्याचे आपल्या भागातले मुख्य कारण. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात जोराच्या पावसात पाणी तुंबते, नवी मुंबईत भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल नोडमधले (वसाहतींमधले) रस्ते भरतात, आणि त्या पाण्यातून मागचा एक्सल बुडेल इतक्या खोलीने गाडी काढली जाते. तासभर चालून हौसिंग तापलेले असते, आतली हवा प्रसरण पावलेली असते. थंड पाण्यात बुडताच ती हवा आकसते आणि आत पोकळी तयार होऊन सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातून किंवा ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. ब्रीदर म्हणजे एक्सलच्या नळीवर बसवलेली छोटी टोपी किंवा तिथून वर गेलेली रबरी नळी. तिचे काम हवेला ये-जा करू देणे हे आहे. चिखलाने ती बुजली की नेहमीच्या चालण्यातही आत दाब वाढतो, सीलमधून तेल पाझरू लागते, आणि हेच तेल पुढे ड्रममध्ये शिरून मागचे ब्रेक शू भिजवते. ब्रेक एका बाजूला ओढतो ही तक्रार आणि मागचा आवाज ही तक्रार एकाच बुजलेल्या टोपीमुळे आलेली असू शकते. सील बदलून ब्रीदर तसाच ठेवला, तर नवे सीलही पाझरणारच.

म्हणून चाकाच्या मध्याच्या वर पाणी आलेल्या रस्त्यावरून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात डिफरन्शियलचे तेल पाहावे. आधी वरचा फिलर प्लग उघडतो का ते पाहावे आणि मगच खालचा ड्रेन प्लग सोडावा. उलट केले आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर तेल ओतून टाकलेली गाडी जागच्या जागी अडकते. चांगले तेल तपकिरी किंवा काळपट पण पारदर्शक झाक असलेले असते. पाणी मिसळलेले तेल दुधाच्या चहासारखे दिसते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, बोटांत चोळल्यावर मऊ लागणारा लेप असेल तर तो नेहमीच्या झिजेचा आहे; चमकणाऱ्या पापुद्र्यांची किंवा टोकदार कणांची गोष्ट वेगळी, तिथे हौसिंग उघडण्याला पर्याय नाही. नुसते पाणीच असेल तर नवे तेल भरून थोडे चालवून ते पुन्हा काढावे आणि मग अखेरचे भरावे, कारण पहिल्या वेळी नळ्यांत आणि बेअरिंगमध्ये पाणी उरतेच. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच हवे. बऱ्याच गाड्यांना जीएल-५ प्रतीचे ८०डब्ल्यू-९० लागते, पण पुस्तिका वेगळे म्हणत असेल तर तेच ऐकावे. मर्यादित घसरणीच्या (लिमिटेड स्लिप) डिफरन्शियलमध्ये त्यासाठीचे खास मिश्रण नसलेले तेल घातले तर आखूड वळणावर थरथर येते, आणि ती तेल बदलताच जाते.

पाणी अनेक आठवडे आत राहिले तर बेअरिंगच्या रोलरवर आणि कपावर (रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर) गंजाचे बारीक खड्डे पडतात. त्यानंतर कितीही नवे तेल भरले तरी घरघर जात नाही. काही ठिकाणी अशा वेळी जास्त घट्ट तेल किंवा एखादे पॅकेट टाकून आवाज दाबला जातो. हा उपाय गाडी विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, चालवणाऱ्याच्या नाही.

पिनियनचा नट

परत येणाऱ्या आवाजाचे दुसरे कारण अधिक तांत्रिक आहे आणि ते दुरुस्तीतूनच जन्माला येते. पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मध्ये अनेक गाड्यांत एक दबणारी नळी असते. नट आवळला की ही नळी ठरावीक प्रमाणात चेपते आणि बेअरिंगवर नेमका ताण बसतो. एकदा चेपलेली नळी पुन्हा पूर्ववत होत नाही. पुढचे ऑईल सील गळते म्हणून नट सोडला जातो, सील बसते, आणि मग पान्याला लांब पाइप लावून नट जिवाच्या आकांताने आवळला जातो. नळी जास्त चेपते, बेअरिंगवर ताण वाढतो, पिनियनचे नाक हात लावता येणार नाही इतके तापते, आणि काही आठवड्यांत दात्यांचा सूर सुरू होतो. जास्त आवळल्याचे लक्षात आल्यावर नट थोडा मागे घेणे हा उपाय नव्हे. तसे केले की ताण पूर्णच जातो आणि पिनियन सैल होते. नवीन नळी टाकावी लागते. फक्त सील बदलायचे असेल तर नट, फ्लँज आणि पिनियनच्या टोकावर एक सरळ खूण करून, आधी फिरवण्याला किती बल लागत होते ते मोजून, नवा नट हळूहळू त्याच खुणेपर्यंत आणि त्याच बलापर्यंत आणावा. पूर्ण काम असेल तर पिनियन फिरवण्याला लागणारे बल लहान मापाच्या टॉर्क पान्याने मोजावे. नव्या बेअरिंगसाठी हा आकडा वापरलेल्या बेअरिंगपेक्षा जास्त असतो आणि तो त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. काही गाड्यांत नळीऐवजी शिम (मोजून टाकायच्या पातळ चकत्या) असतात. तिथे हिशोब वेगळा.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून बसवलेले असतात, म्हणून एकच बदलणे म्हणजे नवा आवाज विकत घेणे आहे. कुर्ल्याच्या बाजारातून जुने सामान आणायचे असेल तर सुटे दाते न आणता पूर्ण असेंब्ली आणावी, आणि दाते मोजून गुणोत्तर आपल्या गाडीचेच आहे याची खात्री करावी. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे गुणोत्तर असू शकते, आणि फोर-बाय-फोर गाडीत पुढचे-मागचे गुणोत्तर जुळले नाही तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मोडू शकते.

जोडणी झाल्यावर झाकण लावण्याआधी गॅरेजमध्ये जाऊन दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. क्राऊनच्या दात्यांवर मार्किंगचा रंग लावून फिरवल्यावर उमटलेला ठसा दात्याच्या मध्यावर आला पाहिजे. टोकाला किंवा बुडाला गेलेला ठसा म्हणजे पिनियनची खोली चुकली आहे, आणि असे दाते पहिल्याच चढावर गाऊ लागतात. दुसरे म्हणजे डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणावर) दिसणारा क्राऊनचा खेळ. अनेक गाड्यांत तो ०.१० ते ०.२० मिलीमीटरच्या दरम्यान असतो, आणि क्राऊन फिरवत तीन-चार ठिकाणी मोजला तरी त्यात फारसा फरक पडता कामा नये. डायल गेज नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगठ्याने खेळ ओळखणारे जुने कारागीर आहेत, पण त्यांच्यातले चांगलेही शेवटी गेज लावतातच. जुने बेअरिंग परत मागून घ्यावे, कारण त्याच्या कपावर खड्डे आहेत, निळसर तापल्याची झाक आहे की काहीच नाही, यावरून मूळ कारण पाण्याचे, ताणाचे की चुकीच्या निदानाचे होते हे कळते.

मागच्या दोन टायरांत एक नवा आणि एक झिजलेला असेल तर नव्या कामालाही लवकर इजा होते. दोघांचा परीघ वेगळा असल्याने सरळ रस्त्यावरही स्पायडर गिअर अखंड फिरत राहतात. काम झाल्यावर मागची जोडी सारखी करून घ्यावी. नव्या दात्यांना सुरुवातीचे काही शे किलोमीटर पूर्ण भार, ट्रेलर आणि एकसारखा जास्त वेग देऊ नये, आणि हजार किलोमीटरच्या आत एकदा तेल बदलून चुंबक पुन्हा पाहावा.

करकर किंवा खडखड सुरू झाली असेल, किंवा शाफ्ट हाताने वर-खाली हलवल्यावर पिनियनच हलत असेल, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये. बेअरिंग फुटून पिनियन अडकले तर मागची चाके चालत्या गाडीत जाम होतात, आणि पूर्व द्रुतगती मार्गाच्या वेगात त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. गाडी ओढून न्यायची असेल तर सपाट पाठीच्या ट्रकवर चढवावी. मागची चाके जमिनीवर ठेवून ओढली तर तेच खराब डिफरन्शियल वाटभर फिरत राहते, आणि दोष बेअरिंगमध्ये किंवा दात्यांमध्ये असताना नुसता शाफ्ट सोडल्याने ते फिरणे थांबत नाही, कारण चाके एक्सलमार्फत क्राऊनला फिरवतच असतात.